रिकामा चौरंग

इथे न्यूझीलंडमध्ये गणपती वसंतात येतात. कोवाईची झाडं पिवळ्या फुलांनी लगडलेली असतात, ओल्या गवताचा गंध दारातून आत येतो, आणि उन्हात ऊब असली तरी सावलीत पाऊल पडताच अंगावर शहारा उमटतो. त्या शनिवारी सकाळी शहराच्या एका टोकाच्या हेन्डरसनहून दुसऱ्या टोकाच्या टाकानिनीला, माझ्या धाकट्या दिराकडे, निखिलकडे निघालो, तेव्हा मांडीवर मोदकांचा डबा गरम होता. येत्या शुक्रवारी आम्हा दोन्ही कुटुंबांना एकाच मोठ्या घराच्या कागदांवर सह्या करायच्या होत्या.

कल्पना दोघा भावांची. गेल्या हिवाळ्यात निखिलच्या छातीत अचानक कळ आली, तेव्हा त्याची नर्स असलेली बायको मेधा ड्यूटीवर होती, घरात फक्त मुलं होती, आणि मोटरवेवर अडकलेल्या आम्हाला पोहोचायला तासाहून अधिक लागला. निखिल बरा झाला, ते भय मात्र मागे उरलं, आणि त्या भयातूनच 'आता एकत्र राहू' हे वाक्य जन्माला आलं. मीही मान डोलावली. अशा वेळी नाही कोण म्हणणार? पण अकरा वर्षं माझ्या हातांनी लावलेलं स्वयंपाकघर, माझ्या फोडणीचा वास, रुसल्यावर दार लोटून बसायची माझी खोली, हे सारं एका सहीत विरघळून जाईल, या विचाराने माझी झोप उडाली होती. नवऱ्यालाही मी हे सांगितलं नव्हतं.

गाडीत मागे माझी लेक इरा शाळेचा निबंध लिहीत होती. शेजारशेजारच्या सहा वसाहतींनी मिळून ऑस्ट्रेलिया हा एक देश का केला, आणि सुरुवातीच्या चर्चांना हजर राहूनही न्यूझीलंड बाहेर का राहिलं, हा विषय. वसाहतींच्या सीमांवरचे जकातनाके, समुद्रापलीकडच्या शत्रूची धास्ती, अशी कारणं ती वाचून दाखवत होती. ऑस्ट्रेलियाच्या राज्यघटनेत न्यूझीलंडचं नाव अजूनही तसंच आहे म्हणे, कधी यावंसं वाटलंच तर. म्हणजे ते घाबरून एकत्र आले, आणि आपण न्यूझीलंडवाले घाबरलो नाही का, असं मी तिला विचारलं.

"वी वेअर स्केअर्ड टू, आई," वहीतून मान वर न करता ती म्हणाली. "ऑफ जॉइनिंग."

एक होण्याचीच भीती. मी मांडीवरचा डबा सरळ केला.

आमच्या सासरची रीत अशी की चूल एक तर गणपतीही एकच. म्हणून यंदापासूनच मेधाच्या घरी एक गणपती बसवायचा ठरलं होतं. मूर्ती कुणी आणायची, हे मात्र आम्ही दोघींनी एकमेकींना विचारलं नव्हतं. अलीकडे आम्ही फार जपून वागत होतो. दारात मेधाची नजर आधी माझ्या हातांतल्या डब्याकडे गेली, मग गाडीकडे. आत मखर सजलं होतं, समई तेवत होती, आणि चौरंग रिकामा होता.

"वहिनी, मला वाटलं, थोरल्या घरचा म्हणून तुमचाच बसणार."

"मला वाटलं, घर तुझं, तेव्हा तुझाच."

एकमेकींना मान देता देता आम्ही गणपतीच आणला नव्हता. भाऊ हसले, आम्हा दोघींना हसू येईना. अखेर मेधाने पूजेच्या डब्यातून सुपारी काढली, मी चौरंगावर तांदळाची रास घातली, आणि त्या सुपारीचीच पूजा झाली. आरती सुरू झाली. एक साधा प्रश्न विचारायला घाबरणाऱ्या दोघी एका ओट्याशी आयुष्य कसं काढणार, हेच मनात घोळत होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उत्तरपूजा झाली. सुपारी कुणाच्या देवघरात ठेवायची, हे ठरायचं होतं. ओट्याशी आम्ही दोघीच होतो.

"मेधा, मला भीती वाटते गं," मी म्हणाले. "एकत्र राहायची."

तिने पुसलेलं पातेलं ओट्यावर पालथं घातलं. "मलाही वाटते, वहिनी," ती म्हणाली. "पण त्या दिवशी मुलं एकटी होती ना, त्याची जास्त वाटते."

मग "नव्या घरात देवघर होईपर्यंत तुमच्याकडे असू दे," म्हणत तिने ती सुपारी माझ्या हातावर ठेवली. हेन्डरसन येईपर्यंत मी मूठ उघडली नाही. उघडली तेव्हा कुंकू तळहाताला लागलं होतं. शुक्रवारला अजून पाच दिवस होते.