अथाल रस्त्यावरची सामूहिक सुरक्षा

आम्ही सिल्वासाला आलो ते ऐंशीचं दशक संपता संपता. माझं लग्न होऊन वर्ष झालं असेल नसेल. ह्यांना अथालच्या रस्त्यावरच्या एका सूत कारखान्यात इंजिनिअरची नोकरी लागली होती. सूत कापसाचं नव्हे, पॉलिएस्टरचं. मशीनवर ते तापवायचं, पीळ द्यायचा आणि पुठ्ठ्याच्या निमुळत्या कोनावर गुंडाळायचं. तापलेल्या सुताचा आणि त्यावरच्या तेलाचा वास आमच्या कॉलनीत दिवसभर भरून असायचा. नाशिकहून आलेली माझी आई पहिल्याच दिवशी म्हणाली, "अगं, हा कसला वास?" आणि मला तोवर तो वास येईनासा झाला होता.

कॉलनी म्हणजे कारखान्याच्या भिंतीला लागून दोन ओळी क्वार्टर्स. मागे ताडाची झाडं, त्यापलीकडे वारली पाड्यातली शेतं, आणि पुढे रस्ता. भाजीवालीशी गुजराती, दूधवाल्याशी हिंदी, कामवालीशी जमेल ती मराठी. एका सकाळीच तीन भाषा बोलून व्हायच्या. मोठी खरेदी वापीला, जीपमध्ये दाटीवाटीने बसून. बाकी दिवस लांबलचक. म्हणून मी मुंबईच्या विद्यापीठात बाहेरून एम.ए.ला नाव घातलं. विषय राज्यशास्त्र, आणि त्यात आंतरराष्ट्रीय संबंधांचा एक पेपर. तो माझा फार आवडता झाला. सिल्वासात बसून सगळ्या जगाच्या भांडणांचा अभ्यास करायचा, ही कल्पनाच मला आवडायची.

शेजारच्या क्वार्टरमध्ये कारखान्याचे सुरक्षा अधिकारी राहायचे. साताऱ्याकडचे, सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, पन्नाशीचे. बायको वारलेली, मुलगा गावी शेती बघायचा. मी त्यांना काका म्हणायचे. एकदा मी अंगणात खुर्ची टाकून वाचत होते. माझ्या पुस्तकाच्या पाठीवर निळ्या टोप्या घातलेल्या सैनिकांचं चित्र होतं. काका कुंपणापाशी थांबले.

"ह्यांच्यात मी होतो," ते म्हणाले.

मला वाटलं थट्टा करताहेत. पण ते खरंच गेले होते. विशीत असताना, शिपाई म्हणून, काँगोला. जागतिक संघटनेच्या शांतिसेनेत.

त्या दिवसापासून आमचा शिरस्ताच पडला. त्यांची ड्यूटी संपली की मी चहा टाकायचे आणि आम्ही दोघं अंगणात बसायचो. मी पुस्तकातलं मराठीत करून सांगायचे, ते हरकती घ्यायचे. मी म्हणायचे, "काका, वास्तववादी लोक म्हणतात, देशांच्या वर पोलीस नाही. म्हणून जो तो स्वतःपुरतं बघतो. सगळ्यांनी मिळून सुरक्षा ठेवायची ही गोष्ट बोलायला बरी. ज्यात मोठ्यांचा फायदा असेल तिथेच ते धावतात."

"बरोबर हाय."

"पण उदारमतवादी म्हणतात, नियम केले, संस्था उभ्या केल्या, वारंवार एकत्र काम केलं, की विश्वास बसतो. मग एकावर हल्ला झाला की सगळे मिळून आवरतात."

"ह्येबी बरोबर हाय," ते म्हणायचे आणि बशीत चहा ओतायचे.

मला राग यायचा. दोन्ही कशी बरोबर असतील? मग ते काँगोचं सांगायचे. एका पुलावर त्यांना उभं केलं होतं. अलीकडे एक टोळी, पलीकडे दुसरी. हुकूम असा की मध्ये उभं राहायचं, आपल्यावर गोळी आली तरच गोळी झाडायची. "आमी उभे होतो ते दोघांनी उभं राहू दिलं म्हनून. शांतिसेना म्हंजे परवानगीवर उभं केलेलं कुंपण, पोरी. पुढं एका बाजूनं परवानगी काढली, मंग आमालाबी लढावं लागलं. मंग ती शांतिसेना ऱ्हायली नाही." इतकं बोलून ते दुसरंच काही काढायचे. त्या पुलावर पुढे काय झालं ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

नव्वद साली इराकने कुवेत घेतलं आणि आमच्या अंगणातला वाद घरात शिरला. टीव्हीवर रोज तेच. मी उत्साहाने ह्यांना सांगत होते, की दोन महायुद्धांच्या मधली जुनी संघटना जिथे कोलमडली, तिथे ही नवी टिकते आहे. इतके देश एका आक्रमकाविरुद्ध उभे राहिले. हे जेवता जेवता म्हणाले, "तिथे तेल नसतं तर कोण गेलं असतं गं?" ह्यांना राज्यशास्त्रातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण वास्तववाद जन्मजात होता.

त्याच हिवाळ्यात अथाल रस्त्यावर एक करार झाला. रस्त्यावर ओळीने चार कारखाने होते. आमचा सुताचा सगळ्यात मोठा, मग पत्र्याच्या ड्रमांचा, मग पुठ्ठ्याच्या खोक्यांचा, आणि शेवटी एक छोटा, प्लास्टिकच्या पिशव्यांचा. आगीचा बंब यायला वेळ लागायचा. पिशव्यांच्या कारखान्याचे मालक, आम्ही सगळे त्यांना शेठच म्हणायचो, बाकीच्या तिन्ही ठिकाणी स्वतः फिरले. "कुठेही आग लागो, भोंगा तुटक तुटक वाजवायचा, की बाकीच्या तिघांनी पाणी आणि माणसं घेऊन धावायचं." सगळे हो म्हणाले. मसुदा करायचं काम काकांकडे आलं आणि काकांनी ते माझ्याकडे आणलं. मी इतकी हरखले की पहिल्याच ओळीत लिहिलं, एका कारखान्यावरचं संकट हे चारही कारखान्यांवरचं संकट मानलं जाईल. काकांनी वाचलं, मान हलवली आणि विचारलं, "टँकर सोडायचा हुकूम कोन देनार, त्ये न्हाई लिवलं?"

"ते काय, ज्या त्या कारखान्याचे साहेब देतील."

काकांनी कागद घडी करून खिशात ठेवला. चौघांच्या सह्या झाल्या, पेढे वाटले गेले.

महिन्याभरातच एका दुपारी भोंगा वाजला, तुटक तुटक. मी बाहेर आले तर रस्त्याच्या टोकाला काळा धूर. शेठच्या गोदामाला आग लागली होती. काका आपले रखवालदार आणि हाती लागतील ती अग्निशामक नळकांडी घेऊन धावत सुटले. ड्रमवाल्यांची माणसंही आली. खोकेवाल्यांनी मात्र फाटक लावून घेतलं आणि आपल्याच पुठ्ठ्यावर पाणी मारायला लागले. आणि आमचा पाण्याचा टँकर आवारात भरलेला उभा होता, तो हललाच नाही. आमचे मोठे साहेब मुंबईला होते. त्यांच्यामागे सगळं ह्यांच्याकडे होतं. वारा आमच्या दिशेने होता, आमचं सुताचं गोदाम त्याच बाजूच्या भिंतीलगत होतं. ठिणगी पडली असती तर आमच्याकडे काही उरलं नसतं. ह्यांनी माणसं पाठवली, टँकर ठेवून घेतला.

बंब आला तोवर शेठचं गोदाम गेलं होतं. जीव कोणाचा गेला नाही. पण धुळ्याकडच्या एका कामगाराचे दोन्ही हात भाजले.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेठचे कामगार आमच्या फाटकावर आले. बहुतेक खानदेशातले, आणि फाटकाच्या आत आमचे कामगार, तेही खानदेशातलेच. कितीजण तर एकाच चाळीत राहणारे. तरी शिवीगाळ सुरू झाली. बाहेरून एक दगड आला, ऑफिसची काच फुटली. आतल्या पोरांनी लोखंडी सळया उचलल्या. आमच्या घराच्या ओट्यावरून फाटक दिसायचं. मी तिथूनच बघत होते.

काकांनी रखवालदारांना काठ्या खोलीत ठेवायला लावल्या. मग फाटक उघडून ते रिकाम्या हातांनी बाहेर गेले आणि मध्ये उभे राहिले. आधी बाहेरच्यांना विचारलं, "मी हितं उभा ऱ्हाऊ का?" शिव्या चालूच होत्या. त्यांनी पुन्हा विचारलं. शेवटी भाजलेल्या कामगाराचा भाऊ पुढे आला, म्हणाला, "ऱ्हा उभे." मग ते आत वळले आणि आमच्या कामगारांना तेच विचारलं. दोन्हीकडून होकार आल्यावर रखवालदारांची एक रांग मध्ये उभी केली आणि सांगितलं, बोलायचं ते बोला, ही रांग कोणी ओलांडायची नाही. मी पुस्तकात वाचलेलं सगळं तिथे होतं. दोन्ही पक्षांची संमती, निःपक्षपातीपणा, बळाचा वापर नाही. आणि तरीही मला दिसत होतं की हे असं फार वेळ टिकणार नाही. रांगेने दगड थांबले होते, राग तसाच होता.

हे आत ऑफिसात होते. मी मागच्या दाराने गेले.

"अहो, तुम्ही बाहेर जा."

"जाऊन काय सांगू?"

"टँकर का नाही सोडला ते."

"ऐकून घेतील ते?"

"न सांगता तर मुळीच नाही ऐकणार."

हे खुर्ची सरकवून उठले. रांगेपाशी जाऊन, कुठलीही मखलाशी न करता, वारा, सुताचं गोदाम, सगळं सांगितलं. म्हणाले, "मला भीती वाटली. माझ्या मागे दोन पाळ्यांची माणसं होती. म्हणून ठेवला."

गलका झाला. भाजलेल्याचा भाऊ म्हणाला, "साहेब, वारा आम्हाले बी दिसत व्हता. पन सही करतांना तुमी वारा पाह्यला नव्हता." मग म्हणाला, "त्या टँकरनी चाबी तुमच्याकडे नको. काकाकडे द्या. भोंगा वाजला की कोनाले इचारानं नई, गाडी निंघाले पाह्यजे."

मी दारात उभी राहून ऐकत होते. सामूहिक सुरक्षेवर सगळ्या पंडितांचा वाद शेवटी इथेच येऊन अडतो. आक्रमण झालं की मदत आपोआप निघणार, की त्या वेळी प्रत्येकजण पुन्हा आपापला हिशोब मांडणार?

पोलीस बोलवावे लागले नाहीत. शेठही आले होते. जळालेल्या गोदामाची राख त्यांच्या चपलांना तशीच लागलेली. ते ह्यांना एवढंच म्हणाले, "चालो, हवे पछीनी वात करीए." पुढचं बोलू या. आठवड्याभरात करार नव्याने लिहिला. या वेळी हरखून जाऊन लिहिलेली कलमं मी गाळली. प्रत्येक कारखान्याने एक टँकर रखवालदाराच्या ताब्यात ठेवायचा आणि भोंग्यावर तो कोणालाही न विचारता निघेल, एवढंच. मोठ्या साहेबांनी कुरकुर केली, पण सही केली. आमच्या कारखान्याने त्या कामगाराच्या हातांच्या उपचाराचा भार उचलला. तो बरा झाला, फक्त बोटं पूर्ण मिटत नसत.

पुढच्या उन्हाळ्यात आग लागली ती खोकेवाल्यांकडे, ज्यांनी फाटक लावून घेतलं होतं त्यांच्याचकडे. सगळ्यात आधी पोचले ते शेठचे कामगार. आग लवकर आवरली. संध्याकाळी अंगणात आमचं जोरात भांडण झालं. हे म्हणाले, यात त्यांचाच स्वार्थ आहे, उद्या आपल्याला मदत लागेल म्हणून गेले. मी म्हणाले, कराराची सवय लागली, संस्था रुजली. काका म्हणाले, "मला इचाराल तर त्यांना दाखवायचं हुतं, तुमी न्हाई आला, आमी आलो." काही वर्षांनी मी एक नवा विचार वाचला, की देश कसे वागतात हे ते स्वतःला कोण समजतात आणि समोरच्याला कोण समजतात यावरही ठरतं. तेव्हा मला काकांचं ते वाक्य आठवलं होतं. पण त्या संध्याकाळी मी त्यांना, "हे काही सिद्धांतात बसत नाही," असं ठणकावून सांगितलं होतं.

परीक्षेला सामूहिक सुरक्षेवर प्रश्न आला. मी खूप लिहिलं, पुरवणी घेऊन लिहिलं. बऱ्यापैकी गुण मिळाले.

मग नव्वदचं दशक पुढे सरकलं आणि बातम्या वाईट यायला लागल्या. सोमालिया, बोस्निया. रवांडाच्या वेळी काका आमच्याकडे टीव्ही बघत बसले होते. रस्त्यावर प्रेतं होती. मी म्हटलं, "तिथे शांतिसेना नव्हती का?"

"टोप्या हुत्या की," ते म्हणाले. "हुकूम नव्हता." आणि चहा अर्धा टाकून उठून गेले. नंतर कितीतरी दिवस ते अंगणात आले नाहीत. मी हाक मारली नाही. मग एका संध्याकाळी आपणच खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "हं, वाच."

त्या संध्याकाळी मला अजून फार हव्याशा वाटतात. ताडांच्या मागे सूर्य गेलेला, पाळी सुटून कामगार सायकलींवरून अहिराणीत बोलत चाललेले, कुठेतरी गुजराती भजनाची कॅसेट, आणि आम्ही दोघं, ज्यांचं जगात कोणी ऐकणार नव्हतं, सुरक्षा परिषदेत कोणाला किती अधिकार असावा यावरून तावातावाने बोलतोय. पुढे मी नाशिकला कॉलेजात शिकवलं, परिसंवादांना गेले, मोठमोठ्या विद्वानांशी ओळखी झाल्या. तसा वाद पुन्हा कोणाशी झाला नाही.

काका नव्वदच्या दशकाच्या शेवटी गावी परतले. मुलाची तब्येत बरी नव्हती. शेठने स्वतःची गाडी काढली, वापी स्टेशनपर्यंत सोडायला. चारही कारखान्यांतली माणसं जमली होती. मी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. गाडीत बसल्यावर त्यांनी काच खाली केली.

"पौषात गावाकडं या दोघं. हुरडा खायला."

"नक्की येऊ, काका."

आमचं जाणं झालं नाही. त्यांच्या जागी एक नवे अधिकारी आले, सुस्वभावी, रोज नमस्कार करायचे आणि पुढे जायचे. थोड्या दिवसांनी मीही संध्याकाळी घरातच बसून वाचायला लागले.