बारा डब्या आणि आत्याची सही

माझी आत्या एकोणीस वर्षं प्रकाशाला वळण लावते आहे. अगदी खरोखर. आमच्या कारखान्यात लेसरच्या वाटेत बसवायच्या छोट्या डब्या तयार होतात. डबीत नखाएवढा स्फटिक. त्यातून कानाला ऐकू न येणारा आवाज सोडला की लेसरचा झोत किंचित वळतो आणि समोरच्या केसाएवढ्या काचतंतूत शिरतो. आवाज बंद केला की झोत सरळ निघून जातो, तंतू हुकतो, पलीकडे अंधार. आवाज चालू तर प्रकाश चालू, एवढंच त्या डबीचं काम.

तो तंतू जागेवर चिकटवते आत्या. गोंद वाळताना तंतूला ओढतो, म्हणून ती तो मुद्दाम जरासा चुकवून धरते. किती चुकवायचा, हे कुठल्या वहीत लिहिलेलं नाही. मी शेजारच्या टेबलावर झाकणं बसवते. तंतू असा चुकवून धरणं मला अजून जमलेलं नाही. "तुला वळण लावण्यापेक्षा लेसरला लावणं सोपं," असं ती चारचौघांत सांगते.

अशा बाईला नव्या साहेबांनी हलगर्जी म्हणावं! आजही आठवलं की संताप होतो.

साहेबांना येऊन आठवडाही झाला नव्हता. आत्या एक दिवस रजेवर असताना त्यांनी तिच्या बारा डब्या तपासायला घेतल्या, प्रकाशमापकावर शून्य पाहिलं आणि कोणाला एका शब्दानं न विचारता खरडलं: 'बाराही नगांतून प्रकाश येत नाही. कारागिराचा हलगर्जीपणा.' दुसऱ्या दिवशी तो कागद आत्यापुढे सरकवला.

"सही करा. नाहीतर उद्यापासून या टेबलावर दुसरं कोणीतरी बसेल."

आत्यानं कागद नीट वाचला. "साहेब, आवाज चालू केला होता का?"

"कसला आवाज?"

मला हसू आवरेना, आणि तळपायाची आगही मस्तकात गेली.

आत्यानं पहिली डबी जोडली, आवाजाचं बटण दाबलं. आकडा टुणकन वर. मग दुसरी, तिसरी, करत करत बाराही. हातातलं काम टाकून सगळे बघत होते. आता माणसानं काय करावं? चुकलो म्हणावं, मोकळं व्हावं. जीभ झिजते का? पण साहेब म्हणाले, "ठीक आहे, डब्या चांगल्या आहेत. पण कागदाची नोंद वर झाली आहे. सही करून टाका, नुसती औपचारिकता आहे."

"औपचारिकता?" आत्याचा आवाज चढलेला मी पहिल्यांदाच ऐकला. "एकोणीस वर्षांत माझी एक डबी परत आली नाही. आणि मी हलगर्जी आहे, यावर मीच सही करायची?"

"मग टेबलाचं मात्र..."

"पेन द्या."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. आत्या वाकली आणि तिनं सहीच्या वरच्या मोकळ्या जागेत टपोऱ्या अक्षरांत लिहिलं: 'प्रकाश येतो. साहेबांनी बटण दाबलं नव्हतं.' खाली सही, तारीख.

साहेबांचे कान लाल झाले. कागद दोन्ही हातांत धरून ते फाडायला निघाले.

"फाडू नका," तेरावी डबी पुढ्यात ओढत आत्या म्हणाली. "सही हवी होती ना? केली. आता पाठवा वर."