अण्णांच्या गाडीचे दिवे

तोंडाने सांगायला गेलो की मी विषय बदलतो, म्हणून लिहून काढतोय. बायकोला यातलं काही माहीत नाही. अण्णांना — माझ्या वडिलांना — तर नाहीच नाही. तुमची-माझी ओळख नाही हे एका परीने बरंच आहे. आतापर्यंत दोनदा उठून मी अंगणातल्या गाडीकडे बघून आलो. काय बघायचं असतं तिथे? काही नाही. गाडी उभी आहे.

मी एका फौंड्रीत तपासणीला आहे. ओतून आलेल्या लोखंडावर केसाएवढी चीर असली तरी माझ्या नजरेतून सुटत नाही. दुसऱ्याचं काम नापास करण्याचा पगार घेतो मी. हे आधी सांगतोय, कारण पुढचं वाचताना तुम्हाला वाटेल की याच्या लक्षात आलं नसेल बिचाऱ्याच्या. आलं होतं.

कळंब्याकडे आमची छोटी कॉलनी आहे. तिथे मी गाड्यांचे पिवळे पडलेले दिवे घासून देत असे. हौस, दुसरं काय! गाडी चार-पाच वर्षं उन्हात उभी राहिली की दिव्यावरची काच — म्हणायला काच, असतं प्लास्टिकच — पिवळी, धुरकट होते. कुणी टूथपेस्ट चोळतं, आठवडाभर बरं दिसतं, पुन्हा ये रे माझ्या मागल्या. मी नीट करायचो. पाणी मारत मारत पॉलिश पेपर, आधी खरखरीत, मग मऊ, मग त्याहून मऊ. मग पेस्ट. आणि सगळ्यात शेवटी लॅकरचा, म्हणजे पारदर्शक रंगाचा फवारा. हा फवारा सगळ्यात महत्त्वाचा. कारण घासताना कंपनीने दिलेला वरचा थर निघून गेलेला असतो. फवारा मारला नाही तर उघडं प्लास्टिक उन्हात आधीपेक्षा लवकर खराब होतं. हे मला पाठ होतं. येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचो मी हे.

तर चार वर्षांपूर्वी मे महिन्यात एका सुट्टीच्या दिवशी दोन गाड्या होत्या. एक समोरच्या बंगल्यातल्या साहेबांची, मोठी, काळी. दुसरी आमच्या अण्णांची, लहान, पांढरी, सेकंडहँड. दोन्ही घासून झाल्या आणि डब्यात फवारा उरला एकाच गाडीपुरता. साहेब शेजारी उभे राहून वा वा करत होते. मग कुणाच्या गाडीवर मारला असेल? अण्णा घरचेच, म्हटलं पुढच्या सुट्टीला मारू. ती सुट्टी काही आली नाही.

अण्णांनी तीस वर्षं गुळाचा ट्रक चालवला. कोकणात, गोव्यात, पार गुजरातपर्यंत. गाडीला ओरखडा नाही. असा माणूस फसणार थोडाच? संध्याकाळी त्यांनी दिव्यावरून अंगठा फिरवला आणि विचारलं, "शेवटचा हात मारलास न्हवं रं?"

"व्हय की," मी म्हणालो. "मारलाय."

बघा, इतकं लहान खोटं होतं ते.

अण्णा दर रविवारी मुरगूडला जायचे. तिथे त्यांची थोरली बहीण, माझी आत्या, एकटी राहायची. सकाळी जायचे, तिच्या हातचं जेवायचे, कट्ट्यावर बसून दोघं लहानपणीच्या कुठल्या तरी म्हशीवरून भांडायचे आणि दिवेलागणीला परत निघायचे. आई गेल्यापासून त्यांचा आठवडा असा एका रविवारपासून दुसऱ्या रविवारपर्यंत चालायचा. मला ते दिसत होतं. तरी सांगतोय ना, मला सगळंच दिसत होतं.

दिवाळीच्या सुमाराला ते म्हणाले, दिवा मंद वाटतोय रं. मी गाडीकडे न बघता म्हणालो, "अण्णा, चष्मा पुसा." घरातले सगळे हसले, अण्णाही हसले. दुसऱ्या दिवशी कामावर जाताना मी बघितलं. दोन्ही दिवे पिवळे. आधीपेक्षा वाईट, दुधावर साय धरावी तसे. तेव्हाच डबा आणायला काय झालं होतं? आणला नाही. आणला असता तर मे महिन्यात मारला नव्हता हे कबूल करावं लागलं असतं — आणि मी पडलो दिव्यांचा उस्ताद!

मग ऊसतोड सुरू झाली. तुम्ही आमच्या रस्त्यांवरून हंगामात गेला असाल तर ठाऊक असेल. उसाने ओसंडलेल्या दोन-दोन ट्रॉल्या, मागे ना दिवा, ना लाल पट्टी. एका रविवारी अण्णा उशिरा आले. गाडीच्या डाव्या अंगाला माती, चाकात गवत. सोप्यात बसले आणि पाणी मागितलं. तांब्या तोंडाला न लावता तसाच धरून बसले. ट्रॉली अगदी नाकासमोर आल्यावर दिसली, म्हणाले. गाडी रस्त्याकडेच्या चरीत घातली म्हणून वाचले.

"दिसलीच न्हाय रं मला," ते म्हणाले. पुन्हा पुन्हा तेच म्हणत राहिले.

आता बोलायचं होतं. तांब्या त्यांच्या हातातून घेऊन एवढंच म्हणायचं होतं, की अण्णा, चूक माझी. मी काय म्हणालो? "वय झालंय अण्णा. डोळे तपासून घ्या."

यापुढचं लिहायला नको वाटतंय. पण खरा गुन्हा हाच आहे, आधीचा नुसता आळस होता. मंगळवारी बायको अण्णांना रिक्षाने डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. घरचं काम आहे सांगून मी रजा टाकून मागे राहिलो. आदल्या दिवशी नवा डबा आणून ठेवला होता. ते कोपऱ्यावर वळले आणि मी कामाला लागलो. इतकं मन लावून मी कुणाचेच दिवे घासले नव्हते. फवारा मारला, उन्हात वाळवला. परत आल्यावर बायकोने विचारलं, वास कसला येतोय? खिडकीच्या गजांना रंग देतोय, म्हणालो. आणि मग दुपारभर खरंच गज रंगवत बसलो.

डॉक्टर म्हणाले होते, वयाच्या मानाने डोळे उत्तम आहेत. बायको खूश होती.  अण्णा गाडीपाशी गेले, वाकून दोन्ही दिवे बघितले. मग माझ्याकडे आले.

"डोळं चांगलं हायत म्हणतोय डाक्टर. त्याला काय कळतंय? दिवं तर तू घासल्यालं, ते बी लख्ख हायत. मग ऱ्हायलं काय? डोळंच की." आणि त्यांनी किल्ली माझ्या हातावर ठेवली. "ज्याचा डोळ्यावर भरवसा न्हाय, त्यानं स्टेरिंगला हात लावू नये."

डॉक्टरांवर विश्वास ठेवला नाही त्यांनी. माझ्यावर ठेवला.

मी नेईन तुम्हाला दर रविवारी, असं मी म्हणालो. सुरुवातीला नेलंही. मग कधी जादा पाळी, कधी पाहुणे, कधी नुसताच कंटाळा. एसटीने जायला त्यांचे गुडघे साथ देत नव्हते. आणि ते कधी चल म्हणाले नाहीत. रविवारी सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसायचे आणि अकरा वाजले की शर्ट काढून खुंटीला लावायचे. हे किती रविवार चाललं? मी त्या वेळी पेपरात डोकं घालून बसायचो.

मागच्या वर्षी आत्या गेली. झोपेत गेली, शेजारणीला सकाळी कळलं. ती शेजारीण अण्णांना म्हणाली, "दर रविवारी दोघांचं कालवण करायची वो म्हातारी. येतोय का बघ म्हणायची."

अण्णा म्हणाले, "डोळं धड असतं तर आलो असतो."

मी मागेच उभा होतो, त्यांच्या चपला हातात धरून. तेव्हाही बोललो नाही.

बाराव्याला जाऊन आम्ही दोघंच परत येत होतो. दिवेलागणीची वेळ, हंगाम सुरू झालेला, रस्त्यावर धूळ. मी चालवत होतो. दिवे स्वच्छ होते, झगझगीत. अण्णा शेजारी खिडकीबाहेर बघत बसले होते आणि मधेच म्हणाले, "जपून रं. म्होरं ट्रॉली हाय."

मला दिसली नव्हती. मी ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला आणि चांगल्या दोन-तीन श्वासांनंतर धुळीतून उसाचे शेंडे दिसायला लागले. अण्णांच्या ते लक्षातही आलं नाही. ते पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागले होते.

आज सकाळी मी पुन्हा दिवे घासले. आता दर सहा महिन्यांनी घासतो, गरज असो नसो. अण्णा खुर्ची टाकून शेजारी बसले होते. काम झाल्यावर त्यांनी दिव्यावरून अंगठा फिरवला आणि तेच विचारलं, शेवटचा हात मारलास न्हवं?

व्हय, म्हणालो. या वेळी ते खरं होतं. किल्ली माझ्या खिशात होती. अजून आहे.