आत्याची पावलं

संग्रहालयातल्या त्या पहारेकऱ्याला सगळे टकटककाका म्हणत. बुटांच्या टाचांना लोखंडी नाल ठोकलेले, त्यामुळे दालनात त्याच्याआधी त्याचा आवाज शिरायचा. उभा जन्म गुळगुळीत फरशीवर गेलेला. येणाऱ्या-जाणाऱ्यांची चाल पाहणं हाच विरंगुळा. नुकतं उभं राहिलेलं लेकरू पाय फाकवून डुलत यायचं, उंच टाचांच्या पोरी पुढे झुकून अवघडल्यासारख्या चालायच्या आणि म्हातारी माणसं सैल सपाता घासत, पाऊल न उचलता सरकायची. वय झालं की पाय जायचेच, असं त्याचं ठाम मत होतं. आपलेही गुडघे कुरकुरतात, म्हणजे आपणही त्याच वाटेवर, असं तो बायकोला सांगायचा.

मग मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी तो आत्याला आणायला डोंगरावर गेला. आत्या ऐंशी ओलांडलेली. डोळ्यांत दाट ढग. समोर कोण आलंय हे तिला आवाजावरूनच कळायचं. खाली उतरताना ओढा लागला. पलीकडे जायला शेवाळलेले धोंडे, एवढाच काय तो पूल.

"आत्या, थांब! मी धरतो तुला."

"आधी स्वतःला धर," म्हणत ती काखेत बोचकं मारून अनवाणी निघालीसुद्धा.

तो बघतच राहिला. पाऊल धोंड्यावर टेकलं की बोटं पंख्यासारखी पसरायची, क्षणभर चाचपायची, मग कुठे अंगाचा भार पडायचा. धोंडा डुगडुगला तर अंगठा त्याला दाबून गप्प बसवायचा. जे डोळ्यांना दिसत नव्हतं ते जणू तळव्यांना दिसत होतं. मागोमाग हा निघाला. बुटाचा तळ इतका जाड, की खाली धोंडा आहे की उशी हे पायाला कळेचना. दुसऱ्याच धोंड्यावर सपशेल लोटांगण! आत्याने हात देऊन ओढून काढलं आणि पोट धरून हसली.

शहरात मात्र उलटंच झालं. दवाखान्याच्या लांबलचक, चकचकीत बोळात आत्या दाराशीच थबकली. नर्सबाईंनी तिला मऊ, सैल सपाता घालायला दिल्या होत्या. आत्याने दोन्ही हात पसरले, पाय फाकवले आणि फरशी घासत इंच इंच सरकू लागली.

"ही जमीन मुकी आहे रे," ती पुटपुटली. "पायाला काही सांगतच नाही."

टकटककाकाने ती चाल लगेच ओळखली. हीच ती चाल, जी तो जन्मभर पाहत आला होता! काल ओढा ओलांडणारी बाई एका रात्रीत म्हातारी झाली होती. डोळे तेच, वय तेच; बदलली होती फक्त पायाखालची जमीन, आणि पायात आल्या होत्या सपाता. त्याच संध्याकाळी त्याने बाजार पालथा घातला आणि पातळ तळाचे, टाच धरून ठेवणारे, न घसरणारे कापडी बूट आणले. ते घातल्यावर ती अगदी ओढ्यावरच्यासारखी नाही, पण पाऊल उचलून चालू लागली.

ऑपरेशन छान झालं. पट्टी निघाली तेव्हा तिने त्याला निरखून पाहिलं. "अगं बाई! केवढा म्हातारा झालास तू!"

तिला सोडायला गेला तो रजा वाढवून तिथेच राहिला. आत्याने त्याचे बूट काढायला लावले. पाय पांढरेफटक, बोटं एकमेकांवर चढलेली. "आधी अंगणात. घाई केलीस तर पाय मोडून घेशील," तिने बजावलं. सुरुवातीला तो निखाऱ्यांवर पाय पडल्यासारखा नाचला. खडे टोचले, पोटऱ्या भरून आल्या. पण हळूहळू माती आणि वाळू, ओलं आणि कोरडं, सगळं तळव्यांना वेगवेगळं कळू लागलं.

एका सकाळी तो ओढ्यात उतरला. आत्या पलीकडे उभी. मधला धोंडा हलला. त्याला भीती वाटायच्या आतच अंगठा खाली दाबला गेला, गुडघा किंचित वाकला आणि सगळं अंग सावरलं. तो तिथेच आ वासून उभा राहिला.

"आत्या, मी काही केलंच नाही! आपोआप दाबला गेला!"

"मग? तुला विचारून दाबणार होता होय?"

तो पलीकडे गेला. मग परत अलीकडे आला आणि काही कारण नसताना पुन्हा पलीकडे गेला.