शेवाळबाईंचं जंगल

शेवाळबाईंच्या वर्गात पाऊल टाकलं की आधी तांदळाच्या धुवणाचा आंबूस वास यायचा आणि मग जंगल दिसायचं. सोलापूरजवळच्या कुंभारीच्या कामगार वसाहतीतली आमची बालवाडी म्हणजे दोन खोल्या, वर पत्रा आणि पुढे धुळीचं अंगण. त्यातल्या एका खोलीत मात्र छतापासून जमिनीपर्यंत हिरवंगार, ओलं, ठिबकणारं रान होतं. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मला कौतुक वाटलं नाही, वैताग आला. शेजारचा वर्ग माझा, आणि ते ठिबकलेलं पाणी दाराखालून माझ्याच फरशीवर यायचं.

बाईंना हे नाव पालकांनी ठेवलं, थोडं चेष्टेनं आणि थोडं वैतागूनच. बाईंना त्याचं काही वाटत नसे. फोन उचलल्यावर त्या स्वतःच "शेवाळबाई बोलतीय" म्हणायच्या. पन्नाशी उलटलेली, काटक, रापलेल्या चेहऱ्याची बाई. पदर कमरेला खोचलेला आणि खांद्यावर कायम एक ओलं फडकं.

त्यांचं जंगल टॉवेलांचं होतं. आमच्या पोरांचे वडील बरेचसे टॉवेलच्या मागांवर कामाला. तिथले सूत निसटलेले, डागाळलेले टर्किश टॉवेलचे तुकडे बाई मागून आणायच्या, हिरव्या रंगात बुडवायच्या आणि बांबूंना गुंडाळायच्या. झाली झाडं. जुन्या साड्या कातरून नेचे केले होते, काथ्याच्या झुपकेदार शेपटीचं शेकरू होतं आणि मोज्यांचे बेडूक. खिचडीचे तांदूळ धुतलेलं पाणी रोज या झाडांवर शिंपडलं जाई, कारण आमच्याकडे नळाला पाणी कधी येईल याचा नेम नसतो आणि पिण्याचं पाणी बाई झाडांना कधीच देत नसत. पोरं त्या ओल्या टॉवेलात बोटं खुपसायची, दाबायची, आणि पाणी मनगटावरून ओघळलं की खुदुखुदु हसायची. "आधी हात लावा, मग बघा," असं बाईंचं सांगणं असे. फळ्यावर चित्र काढून जंगल शिकवणं त्यांना मान्यच नव्हतं.

बाई मूळच्या सांगोल्याकडच्या, मेंढरं राखणाऱ्या घरातल्या. दिवाळीनंतर त्यांच्या घरची माणसं मेंढरं घेऊन कोकणात उतरायची आणि पावसाच्या आत परतायची. एका वर्षी निघायला उशीर झाला आणि घाट चढतानाच ढग खाली आले. तेव्हा बाई आमच्या पोरांएवढ्याच होत्या. ही गोष्ट सांगताना त्यांचं वर्गातलं नेटकं मराठी कुठल्या कुठं जायचं. "म्होरलं मेंढरू दिसंना. बा म्हणला, हलू नगंस, झाडाला धरून हुबी ऱ्हा. झाडाला हात लावला तर झाड मऊ. वल्लं. जित्या जनावरागत." पाऊस पडत नव्हता, तरी फांद्यांवरून पाणी गळत होतं. ढग झाडांत अडकतो, शेवाळ त्याला धरून ठेवतं आणि त्याचं पाणी होतं, हे बाईंना पुढे पुस्तकातून कळलं. पण ते त्यांच्या हाताला आधीच माहीत होतं. आमच्या भागात वर्षभर धूळ खाणाऱ्या पोरांना हे कळलंच पाहिजे, असं त्यांनी मनाशी घेतलं होतं.

सुरुवात बाई मसाल्याच्या डब्यापासून करायच्या. प्रत्येक पोराला घरून काळ्या मसाल्यातलं चिमूटभर दगडफूल आणायला सांगायच्या. ते पाण्यात टाकलं की हळूहळू उलगडतं, फुगतं. पोरं वाटीवर डोकी घालून बसायची. हे असल्याच ओल्या रानातल्या झाडांच्या सालींवर वाढतं, तिथून वाण्याकडे येतं आणि मग तुमच्या आईच्या आमटीत, असं बाई सांगायच्या. मग तिथल्या बेडकांची पाळी यायची. त्यांतल्या काहींना डबकंसुद्धा लागत नाही, ओल्या पानावर अंडी घातली की त्यातून थेट पिटुकला बेडूक बाहेर येतो, हे ऐकून आमच्याकडच्या एका मुलानं घरी आजोबांच्या टकलावर ओला टॉवेल ठेवला आणि बेडकाची वाट पाहत बसला. आजोबा दुसऱ्या दिवशी भांडायला आले. बाईंनी त्यांना चहा पाजून परत पाठवलं.

भांडायला बाकीचेही येत. सगळ्यांची तक्रार एकच, एबीसीडी कधी शिकवणार. मलाही ते पटत असे, कारण माझी पोरं एव्हाना झेडपर्यंत पोचलेली असत. बाईंचं उत्तर ठरलेलं असे, "एबीसीडी कुटं पळून जातीय? जंगल जातंय की." हे त्या हसत म्हणायच्या, पण एकदा जेवताना त्या मला म्हणाल्या, की लहानपणी ज्या घाटात ढगात सापडले होते तिथं परवा जाऊन आले. रस्ता रुंद झालाय, झाडं गेलीत, ढग येतो आणि तसाच पुढे निघून जातो. त्याला धरायला तिथं कोणी उरलं नाही. त्या दिवशी त्यांनी डबा अर्धाच खाल्ला.

पोरांचा सगळ्यात लाडका होता तो झाड-झाडचा खेळ. एकानं पांढरं जुनं धोतर पांघरून ढग व्हायचं आणि बाकीच्यांनी झाडं. हात पसरायचे, तोंड उघडायचं आणि ढग अंगावरून जाईपर्यंत जागचं हलायचं नाही. "झाड पळत नसतं," बाई बजावायच्या, "झाड उभं राहतं आणि ढग पितं." या खेळात लावण्या नेहमी जिंकायची. तिचे वडील मागावर आणि आई घरी विड्या वळायची. घरात तंबाखूची धूळ, त्यात मुलगी बारीक, सर्दी-खोकला पाचवीलाच पुजलेला. पळापळीच्या कुठल्याच खेळात तिचा निभाव लागत नसे. पण उभं राहण्यात तिचा हात धरणारा कोणी नव्हता. बाईंचा तिच्यावर फार जीव होता आणि तिचा बाईंवर त्याहून जास्त.

ते डेंग्यूच्या तापाचं वर्ष होतं. पाऊस नुकता उघडला होता. खिचडी खाऊन पोरं अंगणात सोडली होती आणि आम्ही दोघी आत ताटल्या विसळत होतो. डास मारायच्या धुराचं यंत्र फटफटत गल्लीत शिरलं. त्यात नवल काही नव्हतं, ते अधूनमधून यायचंच. बघता बघता पांढऱ्याशुभ्र लोटांनी अंगण भरून गेलं. यंत्र धरलेल्या माणसाला धुरापलीकडे पोरं आहेत हे दिसणंही शक्य नव्हतं. बाहेरून पोरांचा आनंदाचा गलका आला, ढग आला, ढग आला. बाईंच्या हातातली ताटली खाली पडली.

दाराशी गेलो तर एकेक पोर खोकत, डोळे चोळत आत येत होतं. मी मोजत होते, बाई मोजत नव्हत्या. त्या सरळ धुरात घुसल्या. आत काही दिसत नव्हतं, हात पुढे करून त्या चाचपडत फिरल्या असणार. लावण्याला उचलून घेऊन आल्या तेव्हा तिचे हात अजून पसरलेलेच होते. तिला श्वास घेता येत नव्हता, छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता. तशातही तिनं बाईंच्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं, "बाई, मी हलले नाही."

सोलापुरात दवाखान्याच्या आवारात तिची आई आली. हाताला अजून तंबाखूचा वास होता. मला वाटलं होतं ती आरडाओरडा करील, शिव्या देईल. तिनं तसं काही केलं नाही. हळू आवाजात, तिच्या तेलुगू वळणाच्या मराठीत, ती बाईंना म्हणाली, "तुमी सांगितलं म्हणून उभी राहिली ना. बाकी पोरं पळाली. माझीच पळाली नाही." बाईंनी मान खाली घातली ती वर केलीच नाही. परतीच्या रिक्षात मी त्यांची समजूत काढत होते, पण त्या ऐकत आहेत असं वाटेना.

लावण्या वाचली. काही दिवसांनी घरी आली, सोबत तोंडात धरून ओढायचा औषधाचा पंप आला. छाती आधीचीच नाजूक होती, धुराचं निमित्त झालं, असं डॉक्टरांनी सांगितलं. लावण्याच्या वडिलांनी मात्र बाईंना दोष दिला नाही. दोष दिला तो बाईंनी स्वतःला. मी एकदा चिडून म्हटलं, की यंत्र तुम्ही बोलावलं होतं का? त्या म्हणाल्या, "अगं, घाटातल्या पोरांची अशी गल्लत झाली नसती. त्यांनी ढग बघितलेला असतो. हितल्या पोरांनी कुटं बघितलाय? मी ढग शिकवला, धूर शिकवायचा राहिला."

पालकांची बैठक झाली आणि जंगल काढायचं ठरलं. कोणी हात लावायच्या आत बाईंनी स्वतःच ते उतरवलं. बांबू परत गेले, शेकरू कपाटात गेलं आणि झाडांची फरशी पुसायची फडकी झाली. माझ्या वर्गाची फरशी कोरडी राहू लागली, पण त्याचा आनंद मला होईना. बाई एबीसीडी शिकवू लागल्या आणि चांगली शिकवू लागल्या. पण त्याहून मन लावून त्यांनी एक नवा धडा घेतला. बाहेर पांढरं काही दिसलं की नाक झाका, आत पळा, दार लावा. हा सराव त्या रोज घ्यायच्या. तेच धोतर, तेच अंगण. फक्त आता ढग दिसला की सगळ्यांनी पळायचं. लावण्या परत आल्यावर तिला त्यांनी स्वतः हाताला धरून पळायला शिकवलं. मला ते बघवत नसे.

एप्रिलात बाईंनी बालवाडी सोडली आणि गावाकडे भावाच्या घरी राहायला गेल्या. त्यांना निरोप द्यायला पुष्कळ पालक आले होते, भाषणं झाली, साडी-चोळी झाली. त्यातलं मला फारसं आठवत नाही. मला आठवते ती त्याआधीची डिसेंबरातली सकाळ.

आदल्या दिवशी अवेळी पाऊस होऊन गेला होता आणि पहाटेपासून असं धुकं पडलं की कुंभारीत तसं कोणी पाहिलं नव्हतं. पोरं आईबापांच्या हाताला धरून कशीबशी आली आणि बाईंच्या वर्गात गप्प बसली; बाई येईपर्यंत मी त्यांच्यापाशी थांबले होते. बाई सगळ्यांत शेवटी आल्या, स्टँडपासून चालत. केस ओले, भुवयांवर पाणी, आणि चेहरा इतका खुललेला की मी क्षणभर ओळखलंच नाही. अंगणातूनच त्यांनी पोरांना हाक मारली, "या रे, भायेर या. ह्योच त्यो."

एकही पोर हललं नाही. मग लावण्या उठली, दाराशी गेली आणि तिनं आतून कडी लावली. सगळ्यांनी नाकावर रुमाल धरले आणि खिडकीशी जमले. धुक्यात बाई अंधूक दिसत होत्या. त्यांनी पुन्हा बोलावलं. तेव्हा पोरं रडायला लागली. बाई, आत या, तुम्हाला दवाखान्यात नेतील, असं म्हणत खिडकीच्या गजांतून हात काढून त्यांना बोलावू लागली. लावण्या तर हुंदके देत होती. मला राहवलं नाही. मी खिडकीतून म्हटलं, की मी दार उघडते आणि एकेकाला बाहेर पाठवते, दोन मिनिटांत भीती जाईल. बाई खिडकीजवळ आल्या. "नगं," त्या म्हणाल्या. "मीच शिकवलंय त्यांना. आज मोडलं तर उद्या धुरातबी जातील."

मग त्या दाराशी आल्या, मी कडी काढली, त्या आत आल्या आणि कडी त्यांनी स्वतःच्या हातानं पुन्हा लावली. भिंतीला टेकून खाली बसल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते त्यांनी लपवलं नाही. पोरं त्यांना बिलगली, कोणी पाठ चोळली, कोणी पाणी आणलं. लावण्यानं आपल्या फ्रॉकनं त्यांचं तोंड पुसलं. पुसता पुसता तिनं त्यांचा भिजलेला पदर हातात घेतला, नाकाशी नेला आणि थांबली. पुन्हा एकदा हुंगला.

"बाई, घाण वास न्हाई येत."

"न्हाई येत."

"मग ह्यो खरा होता?"

"व्हय गं बाळा," त्या म्हणाल्या. "खरा होता."

लावण्या धावत दाराशी गेली. टाचा उंचावून तिनं कडी काढली. बाहेर स्वच्छ ऊन पडलं होतं आणि समोरच्या घरांची रांग नेहमीसारखी लख्ख दिसत होती.