चपला आणि पक्ष बाहेर

शिवणाच्या दुकानात चिंध्या आणि किस्से कितीही झाडा, संध्याकाळी पुन्हा तेवढेच! लातुरात गंजगोलाईमागं माझं दुकान. इलेक्शन आलं की सगळ्याच पॅनलची उपरणी माझ्याच बाया शिवतात. मी शाळा पाहिली नाही, पेपर वाचत वाचत वाचायला शिकले. त्यामुळं कुणाचं किती ऐकायचं ते मला नेमकं कळतं. दारावर खडूनं मीच लिहिलंय, ‘चपला आणि पक्ष बाहेर काढा.’

* * *

यंदा कविताचा नवरा पिवळ्या पॅनलकडून उभा, आणि शबानाचा भाऊ त्याच वॉर्डात जांभळ्याकडून! दोघींच्या मशिनी शेजारी, जेवण एका डब्यात. इलेक्शन गेलं खड्ड्यात, ही जोडी फुटू नये, एवढीच मला धास्ती.

“कविता, तुझा नवरा पडला तरी ठेचा आणशील ना गं?”

“तुझा भाऊ पडू दे, दुप्पट आणते!”

“चपला!” मी ओरडले. दोघींनी पुन्हा मशिनी सुरू केल्या.

* * *

एक उमेदवार जाकिटाचं माप द्यायला आला. “मावशी, तुमच्या बाया कुणाकडं हायत?”

मी टेप लावली. “हात वर करा. दर नव्या पक्षात तुमची कंबर वाढत चाललीय!”

* * *

घाईत कविता बॉबिन बदलायची विसरली. जांभळ्या उपरण्यांना खालून पिवळा धागा!

जांभळ्यांचा कार्यकर्ता नाचायला लागला, “मुद्दाम केलं हिनं! काढून टाका हिला!”

“वरून जांभळं, आतून पिवळं,” मी म्हटलं. “तुमच्यात असं कुणीच न्हाई का?”

गठ्ठा उचलून तो निघून गेला. पण कविताच्या मनात बसलं, त्याला आपलं नाव सांगायची चुगली शबानाचीच. दुसऱ्या दिवसापासून डबे दोन. शबानानं सफाई दिली नाही, कवितानं विचारलं नाही.

* * *

निकालाच्या दिवशी मिरवणूक नेमकी आमच्या दारात थांबली. शबानाचा भाऊ निवडून आला होता. गुलालानं माखलेला, पेढे घेऊन आत घुसला. कवितानं मान वर केली नाही, मशीन जोरात पळवली.

“भाई, चप्पल!” शबाना म्हणाली.

त्यानं हसत काढली.

“अन् हे?” तिनं गळ्यातल्या उपरण्याकडं बोट केलं.

“अगं, तूच शिवलंस की!”

“बाहेर.”

नव्या नगरसेवकानं बाहेर जाऊन उपरणं खिळ्याला अडकवलं, हात झटकले आणि आत आला.

कविताची मशीन थांबली. तिनं खालचा डबा वर घेतला, झाकण काढलं.

“शबाना, इच्यार तुझ्या भावाला. ठेचा चालंल का म्हणावं.”