मिलिमीटरने केलेला हुक आणि ताईच्या बारा पेट्या

मिलिमीटरला राग येतो, असं म्हणणं चूक आहे. राग त्याच्याकडे राहायलाच आहे. अधूनमधून पाहुणं येतं ते हसू, आणि तेही चहा न घेता परत जातं.

पंपांच्या कारखान्यात तो एकतीस वर्षं टूलरूममध्ये होता आणि मी समोरच्या स्टोअरमध्ये. मी दिलेला प्रत्येक बोल्ट तो उजेडात धरून बघायचा आणि मग माझ्याकडे बघायचा, जणू तो बोल्ट मीच घरी बसून वाकडा केला आहे. 'मिलिमीटर' हे नाव त्याला तिथेच पडलं. निवृत्त झाल्यावर तो नेमका माझ्या शेजारी राहायला आला, म्हणजे तो निवृत्त झाला आणि मी पुन्हा कामाला लागलो. रोज सकाळी कुंपणावरून त्याच्या संतापाची यादी ऐकणं हे माझं काम. प्लास्टिकच्या क्लिपा, आतून पोकळ दारं, वॉशर न घालता आवळलेले नट आणि 'चालतंय की' म्हणणारी माणसं. त्याची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, म्हणतात, "आमच्या घरात भिंतीवरचं एकही चित्र वाकडं नाही. वाकडा आहे तो फक्त माणूस."

या यादीत मागच्या उन्हाळ्यात एका बागायतदाराची भर पडली, आणि यावेळी मीसुद्धा कुंपणावर मूठ आपटली.

मिलिमीटरची थोरली बहीण मधमाश्या पाळते. आम्ही सगळे तिला ताईच म्हणतो. बारा पेट्या, सगळ्या एका दोनचाकी ट्रेलरवर पट्ट्यांनी जखडलेल्या. ट्रेलर दाजींनी, म्हणजे तिच्या नवऱ्याने, वारण्याच्या आदल्या वर्षी स्वतः जोडला होता. बहराच्या दिवसांत हा ट्रेलर त्या बागायतदाराच्या बागेत उभा असायचा, कारण माश्या फिरल्याशिवाय त्याच्या झाडांना फळ धरत नाही. हे त्याला ठाऊक होतं, म्हणून तर ट्रेलर ओढायला तो दरवर्षी स्वतःचा ट्रॅक्टर पाठवायचा. त्या वर्षी फळं धरली, आणि गुरुवारी त्याचा ताईला फोन आला.

"रविवारी सकाळी फवारणी आहे. पेट्या हलवा. नंतर मेल्या म्हणून माझ्याकडे यायचं नाही."

"मग ट्रॅक्टर पाठव ना."

"ट्रॅक्टरला फवारणीचा पंप जोडलाय. आणि ताई, फुलोरा तर संपला. आता तुमच्या माश्यांचं माझ्याकडे काय काम?"

काय काम! गरज सरो, वैद्य मरो. पण इथे वैद्याला मारायचं औषधही आणून ठेवलेलं.

ताईने भावाला फोन केला. मिलिमीटरकडे एक छोटी, दोन दारांची, तिसऱ्या हातातून आलेली फोर-व्हील-ड्राइव्ह गाडी आहे. डोंगरावरच्या ताईच्या माळापर्यंतचा दगडधोंड्यांचा रस्ता ती बकरीसारखी चढते. फक्त तिला मागे ट्रेलर ओढायचा हुक नव्हता. त्याच दुपारी आम्ही दोघं शोरूममध्ये गेलो. टाय लावलेल्या एका तरुणाने संगणकात पाहिलं.

"सर, ह्या गाडीला हुक होत नाही."

"का होत नाही?"

"सिस्टिममध्ये ऑप्शनच नाही."

"गाडीच्या खाली बघितलंत कधी?"

"खाली, सर?"

मिलिमीटर त्या चकचकीत फरशीवर सरळ उताणा झोपला आणि शोकेसमधल्या तशाच नव्या गाडीखाली शिरला. बाहेर फक्त त्याच्या चपला. आतून आवाज आला, "चेसीला दोन्ही बाजूंनी तीन-तीन भोकं आहेत! कंपनीनेच पाडलीत! कशाला, उंदरांना राहायला?" एक ग्राहक कुटुंब खाली वाकून बघू लागलं. त्यातल्या आजोबांनी विचारलं, "आम्हालाही दाखवतील का?" आम्हाला अतिशय नम्रपणे दारापर्यंत सोडण्यात आलं.

"सिस्टिममध्ये नाही म्हणे," गाडीत बसता बसता तो म्हणाला. "मी घरी करतो."

शुक्रवारी सकाळी त्याने ताईला फोन करून ट्रेलरच्या तोंडाची जमिनीपासूनची उंची विचारली. ती म्हणाली, "बेचाळीस." त्याने कागदावर बत्तीस लिहिलं.

हे कसं ते सांगायला हवं. त्यांचे वडील सुतार होते. टेपचं टोक झिजतं, वाकतं, खोटं बोलतं, असा त्यांचा सिद्धांत होता. म्हणून त्यांच्या घरात कुणीही शून्यापासून मोजत नाही. दहाचा आकडा कडेला लावायचा, माप घ्यायचं आणि शेवटी दहा वजा करायचे. नवीकोरी टेप आणली तरी हेच. मिलिमीटरने ताईच्या बेचाळिसातून दहा वजा केले, कारण ती ते करायला विसरली असणार, याबद्दल त्याच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

मग दोन दिवस आमच्या गल्लीत ठिणग्या उडत होत्या. जाड चौकोनी नळीची आडवी तुळई, तिच्या दोन्ही टोकांना कान, कानांतून चेसीच्या त्या सहा भोकांत बोल्ट. ट्रेलरचं तोंड ज्यावर बसतं तो लोखंडी गोळा त्याने विकत आणला, आणि विकत आणावा लागला म्हणून दुकानदारालाच सुनावलं. तुळई बसली सदतीस सेंटिमीटरवर. म्हणून गोळ्याची पट्टी त्याने पाच सेंटिमीटर खाली उतरती केली आणि तुळईला बोल्टने जोडली. नट आवळताना पान्याला हातभर नळी लावून त्यावर मला उभं केलं.

चाचणी म्हणून अंगणातल्या जुन्या झाडाच्या खुंटाला साखळी बांधली आणि गाडी पुढे रेटली. चारही चाकांनी माती उकरली. खुंट कलला, हुक केसभर हलला नाही, पण मागचा बंपर धाडकन खाली पडला.

"प्लास्टिकच्या क्लिपा!" मिलिमीटर विजयाने ओरडला. वहिनींनी खिडकी लावून घेतली.

शनिवारी संध्याकाळी आम्ही बागेत पोचलो. सूर्य टेकला होता, माश्या पेट्यांत परतल्या होत्या आणि ताई पेट्यांच्या दारांना जाळ्या ठोकत होती. बांधापलीकडे फवारणीचा पंप भरून उभा होता. मिलिमीटरने गाडी अशी अचूक मागे घेतली की गोळा बरोबर ट्रेलरच्या तोंडाखाली आला. फारच खाली आला. मध्ये वीतभर नाही म्हटलं तरी अर्ध्या वितीचं अंतर.

तोंड खाली दाबून बसवावं, तर दाजींनी पुढे वेल्ड केलेला टेकूचा पाय नांगरासारखा जमिनीत रुतणार.

"ताई, उंची किती सांगितलीस?"

"बेचाळीस."

"मी दहा वजा करून बत्तीस धरली."

"दहा मी वजा केले होते!"

"तू? तू कधीपासून वजा करायला लागलीस?"

"अरे, बाबांनी मोजायला आधी मला शिकवलं. तू तेव्हा टेपचं टोक तोंडात घालून बसायचास. झिजलं ते त्यानेच!"

"मग सांगायचं ना, की वजा केलेत!"

"तू विचारायचंस! साठ वर्षं झाली, ह्याला अजून वाटतं की बहिणीला वजाबाकी येत नाही!"

मी मध्ये पडलो. "हे बघा, दोघांचंही..."

"तू गप्प बस," दोघंही एकदम म्हणाली. त्या कुटुंबात तेवढ्या एका गोष्टीवर एकमत होतं.

ताई खाली बसली, हुक नीट बघितला आणि म्हणाली, "ही पट्टी खाली उतरतीये. उलटी लाव, वर चढेल."

मिलिमीटरने बोटांवर हिशेब केला. सदतीस वजा पाच बत्तीस, सदतीस अधिक पाच बेचाळीस. त्याला आनंद व्हायला हवा होता, पण सुचलं दुसऱ्याला म्हणून तोंडाची चव गेली. शिवाय नट सुटेनात. ते सुटू नयेत अशाच बेताने आवळलेले होते ना! जाळ्यांमागे पेट्या तापत होत्या, आतली गुणगुण चढत चालली होती. नळी लावली, नळीवर मी उभा राहिलो, माझा खांदा धरून ताई उभी राहिली, तेव्हा कुठे पहिला नट कर्रर्र करून हलला.

"हळू! आटे जातील!" मिलिमीटर खालून ओरडला.

"आटे गेले तर चालतील, माश्या नाही!" ताई वरून ओरडली.

पट्टी उलटली, गोळा काढून वरच्या बाजूने बसवला. ट्रेलरचं तोंड त्यावर खट्कन बसलं. अंधार पडायच्या आत आम्ही बागेबाहेर होतो. पुढे ताई टॉर्च घेऊन दगड दाखवत चालत होती, मागे ती बकरी बारा पेट्या घेऊन पहिल्या गिअरमध्ये डोंगर चढत होती. एकाही वळणावर हुकाने हूं की चूं केलं नाही.

सकाळी उजाडताच ताईने एकेका पेटीची जाळी काढली. अकरा पेट्यांतून माश्या बाहेर आल्या, पेटीसमोर वर-खाली डोलत नव्या जागेची ओळख करून घेऊ लागल्या. बाराव्या पेटीच्या दारात कुणीच नव्हतं.  ताईने वाकून पेटीला कान लावला, बराच वेळ लावून ठेवला आणि मग भावाला खुणेने बोलावलं.

मिलिमीटरनेही कान लावला. पंप नुसत्या आवाजावरून ओळखणारा माणूस तो. डोळे मिटून तो ऐकत राहिला. आतून बारीक, एकसुरी, न अडखळणारा आवाज येत होता. तेवढ्यात दारात एक माशी आली, पुढचे पाय डोळ्यांवरून फिरवले आणि उडाली. मग दुसरी, मग रांगच लागली.

खाली दरीत बागेवर फवारणीचा पांढरा धूर पसरायला लागला होता. मिलिमीटरने पेटीवरचा कान काढला, त्या धुराकडे पाहिलं आणि त्याच्या कपाळाची शीर तटतटली. शोरूमवर, क्लिपांवर, ताईवर तीन दिवस सांडलेला सगळा संताप आता कुठे योग्य पत्त्यावर निघाला होता.

"ह्यांच्यावर? ह्यांच्यावर औषध मारणार होता तो? ह्यांच्या जिवावर फळं खातो आणि..."

तो तरातरा गाडीकडे निघाला. ताईने त्याच्या आधी जाऊन किल्ली काढून घेतली आणि पदराच्या गाठीत बांधली.

"आधी चहा घे," ती म्हणाली. "भांडायला तो दुपारीही घरीच असतो. आणि मी पण येणार आहे."